‘शांत’चा शिक्का

रविवारी सकाळी नागुबाई दारात उभी राहिली, तेव्हा श्रीपादकाका चहात खारी बुडवत होते. छत्तीस वर्षं कोर्टात कारकुनी केलेल्या माणसाला रविवार म्हणजे काय ते कळतं. त्यांची पुतणी शाल्मली हिला कळत नव्हतं. बेळगावच्या अनगोळातल्या घराच्या पुढच्या खोलीत तिनं खाजगी चौकशीचं ऑफिस थाटलं होतं. बहुतेक कामं सोयरिकीची असत. मुलगा खरंच इंजिनिअर आहे का, एवढं पाहून द्यायचं.

“पोरीनं काय बी केलं न्हाय बगा, बाई,” नागुबाई उंबऱ्यातूनच म्हणाली.

पोरगी म्हणजे तिची भाची दिपाली, वय चौदा. आई गेल्यापासून ती मारायची, फोडायची, दिवस दिवस बोलायची नाही. आठ महिन्यांपूर्वी तिला काकतीच्या पुढे, हायवेलगतच्या ‘सोबत’ निवासात ठेवलं होतं. अशाच मुलांसाठीचं ते घर. एक रविवार सोडून ती उचगावला मावशीकडे यायची, म्हशीला पाणी पाजायची, दोन शब्द बोलायची.

“उद्या कमिटी बसणार. पोरीला माज्याकडं धाडायचं का, ते ठरवणार. आन काल कुणीतरी ऑफिसची काच फोडली, रोजच्या नोंदीची फाईल पाण्याच्या टाकीत टाकली. समदे म्हणत्यात, दिपालीनंच. तसं ठरलं तर तिला लांबच्या बंद संस्थेत घालणार. ती तर तोंडच उघडंना झालीया.”

काकांनी खारी खाली ठेवली. शाल्मलीनं स्कूटरची किल्ली घेतली होती.

निवासाच्या संचालिका विद्युल्लताबाई दोन माणसांचं काम एकटीनं ओढणाऱ्या दिसत होत्या. डोळ्यांखाली काळं, हातात दोन फोन.

“मी काल एकपासून बेळगावात मीटिंगला होते. साडेचारला स्वयंपाकीण मंगल गिरणीवरून आली, तर काच फुटलेली आणि दिपाली टाकीपाशी. खांद्यापर्यंत ओली. कागद बाहेर काढून तिनं दोरीवर टांगले होते. मी सांगितलं, काही हलवू नका, कमिटीला जसंच्या तसं दाखवू.”

दोरीवर सत्तावीस कागद चिमट्यांनी लावलेले होते, एक तारखेपासून सत्तावीसपर्यंत, ओळीनं. प्रत्येकावर उभ्या ओळीत मुलांची नावं, आडव्या ओळीत छापलेल्या अर्ध्या अर्ध्या तासाच्या वेळा, आणि चौकटींत जांभळे शिक्के. पाण्यानं शाई पसरली होती, पण वाचता येत होतं. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात पानाचा आकडा.

काका कालच्या कागदापुढे थांबले. जुनी खोड. कागद दिसला की वाचायचाच.

“दिपाली. दोन, शांत. अडीच, शांत. तीन, शांत...” सहापर्यंत त्यांनी वाचून काढलं. “गुणी पोर आहे की!”

“काका, त्या टाकीचं झाकण उचलून बघा जरा.”

सिमेंटचं झाकण शेजारच्या भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. एक कपचासुद्धा उडालेला नव्हता. काकांनी लोखंडी कडीला हात घातला, झाकण चार बोटं हललं आणि काका मटकन कट्ट्यावर बसले.

“माझी कंबर तुझ्या बिलात लाव.”

“आमाला दोघी लागतात त्याला,” मंगल दारातून म्हणाली.

“रागात बळ येतं,” विद्युल्लताबाई म्हणाल्या. “मुलांचं आम्ही रोज बघतो.”

शाल्मली ऑफिसच्या दाराकडे वळली. “ऑफिसला कुलूप असतं?”

“दिवसा? छे. दार उघडंच असतं.”

काळजीवाहक परशराम व्हरांड्यात मुलांचे बूट लावत होता.

“मी तीनपास्नं पाचपर्यंत बारा पोरं घिऊन मैदानावर होतो. कुणालाबी इचारा. आमी हरलोबी. काच फुटल्याचं ऐकलं की! साडेतीनची निपाणी गाडी हायवेवरनं चालल्ती, तवाच.”

“मग धावत आला नाहीत?”

“बारा पोरं टाकून? ही पोरं म्हंजे काय मेंढरं न्हवं, बाई. आन घरात स्वरूप सर हुते की.”

समुपदेशक स्वरूप तिशीचा. निपाणीचा. बाईंच्या फोनवरून पहाटेच्या गाडीनं परत आला होता. बोलताना दोनदा जांभई दाबली.

“घरात दिपाली आणि छोटा युवराज, दोघंच होते. युवराज माझ्याशेजारी चित्र काढत होता. दिपाली झोपाळ्यावर. चारला मी गाडी पकडली. मंगलाक्का येतीलच म्हणून निघालो.”

“तोवर सगळं शांत?”

“अगदी. कसला आवाज नाही.”

दिपाली माजघरात भिंतीला टेकून बसली होती. नागुबाईनं तिची बाही वर केली. दंडाच्या मागच्या बाजूला, खांद्याजवळ, चाव्याचा लालनिळा वण होता.

“ती स्वतःला चावते,” विद्युल्लताबाई हळूच म्हणाल्या.

शाल्मली तिच्यापुढे मांडी घालून बसली. तिनं एवढंच विचारलं, “शांत राहून किती दिवस झाले गं?”

दिपालीनं बोटांनी दाखवलं. दोनदा दहा, एकदा सात.

दारातून युवराज डोकावला. आठ वर्षांचा, वरचे समोरचे दोन दात पडलेले. शाल्मली त्याच्याकडे पाहून हसली. तोही हसला आणि लगेच पळाला.

दुपारी जेवणाच्या खोलीत सगळे बसले. भात-आमटी अर्धीच संपली होती.

“या मुलीनं फाईल बुडवली, असं तुम्ही म्हणता,” शाल्मली म्हणाली. “या फाईलीत तिचे सत्तावीस शांत दिवस आहेत. उद्या कमिटीपुढे तिची तेवढीच कमाई. ती तिनं बुडवावी? बुडवणारा माणूस तारीखवार चिमटे लावत बसत नाही. तिनं फाईल बाहेर काढली.”

“मग काच?” विद्युल्लताबाई.

“दार उघडं असताना फाईलसाठी काच कोण फोडेल? काच फाईलसाठी फुटलीच नाही. दिपालीच्या दंडावरचा चावा बघा. तिथं स्वतःचं तोंड पोचत नाही. आणि वणात वरच्या दोन दातांची जागा रिकामी आहे. युवराजचा राग सुटला, काच त्यानं फोडली. दिपालीनं त्याला कवेत घट्ट धरलं, तो तिच्या दंडावरून मान काढून चावला, तरी तिनं सोडलं नाही.”

नागुबाईनं तोंडाला पदर लावला.

“काच फुटली साडेतीनला. पलीकडे मैदानावर परशरामअण्णांना ऐकू आली. स्वरूप, तुमच्याशेजारी चित्र काढणारा मुलगा उठून काच फोडतो, आणि तुम्हाला आवाज नाही?”

स्वरूपनं ताटाकडे पाहिलं.

“झाकण रागानं भिरकावलं असतं तर फुटलं असतं. ते जपून टेकवलंय, बळाच्या माणसानं, एकट्यानं. अण्णा मैदानावर, बाई बेळगावात. मंगलाक्कांना ते एकटीनं उचलवत नाही. उरलात तुम्ही, स्वरूप.”

“पण कशाला?” काकांना अजून उलगडेना. “त्यात तर सगळं शांत लिहिलंय.”

“तेच तर, काका. तुम्हीच मोठ्यानं वाचलंत. सहापर्यंत शांत. साडेचारला तर कागद दोरीवर होता. मग पाचचा, साडेपाचचा, सहाचा शिक्का मारला कुणी?”

स्वरूपनं ताट बाजूला सारलं.

“जेवणानंतर एकदम मारून टाकतो,” स्वरूप म्हणाला. “सगळेच मारतात.”

“व्हय,” परशराम जमिनीकडे बघत म्हणाला. “मीबी.”

“माझे डोळे मिटले,” स्वरूप म्हणाला. “तीन आठवडे सुट्टी नाही. काचेनं जाग आली. बघतो तर दिपालीनं युवराजला धरलेलं, आणि फाईलीत साडेतीनला शांत, सहालाही शांत. बाई येऊन आधी फाईलच मागणार.”

“एक कागद काढला असता,” शाल्मली म्हणाली.

“पानांना आकडे आहेत. एक कागद गेला तर मोठ्या माणसाला विचारतात. अख्खी फाईल गेली तर...” तो थांबला. “तर मुलांना विचारतात. मी तिला म्हटलं, सांगू नकोस, मी बघतो. आणि गाडीत बसलो.”

“आठ महिने या घरात ती फक्त तुमच्याशीच बोलत होती,” शाल्मली म्हणाली. “म्हणून गप्प राहिली.”

मग ती विद्युल्लताबाईंकडे वळली. “शिक्का कुणी करून आणला?”

बाईंनी दोन्ही फोन उलटे ठेवले. “मी. रिकाम्या चौकटी दिसल्या की वरून पत्र येतं. माणसं मागितली की उत्तर येत नाही.”

तेवढ्यात कोपऱ्यातून एक घोगरा आवाज आला. काल दुपारनंतरचा पहिला.

“म्हंजे माजे सत्तावीस दिवस खोटे?”

काकांनी कोरा कागद काढला. छत्तीस वर्षांच्या कारकुनीत त्यांनी खऱ्याखोट्या हजार जबान्या उतरवल्या होत्या. ते सावकाश लिहू लागले आणि लिहिता लिहिता वाचू लागले.

“शनिवार, दुपारी साडेतीन. दिपाली शांत नव्हती. ती घाबरली होती. तिच्या दंडाला चावा बसला होता. घरात जागं असं मोठं माणूस नव्हतं. तिनं युवराजला मारलं नाही, आणि तो निवेपर्यंत सोडलं नाही.”

स्वरूपनं कागद ओढून आधी सही केली. मग परशरामनं. विद्युल्लताबाईंचा हात सवयीनं ड्रॉवरकडे गेला.

“शिक्का नको,” काका म्हणाले. “सही करा, बाई. उद्या हाच कागद पहिला ठेवायचा.”

त्यांनी सही केली. नागुबाईनं कागद हातात घेतला, उलटसुलट केला आणि दिपालीकडे दिला.

“वाच गं. मला परत एकदा ऐकू दे.”