येतो म्हणाले आहेत

मे महिन्यात उष्म्याचा भोंगा वाजला की विणकरपुऱ्यातली माणसं तोंडाला दुपट्टे गुंडाळून गारवाघराकडे निघत. गारवाघर म्हणजे जुन्या जिनिंग कारखान्याचं तळघर. फरशीखालच्या टाक्यांत खारा बर्फ होता. तो रात्रभर गोठे, दिवसभर सावकाश वितळे. प्रत्येक चटईच्या उशाशी एक नळी, तिच्यातून त्या माणसापुरता गार वारा. चटया तितकीच माणसं. एखादं जास्त घेतलं तर बर्फ दुपारीच संपणार आणि मग सगळेच भाजणार.

वस्तीनं हे वर्गणीतून बांधलं, आणि एकमेकांना चांगलं ओळखून असल्यामुळे किल्ली कोणाच्याच हाती दिली नाही. ज्याच्याकडे किल्ली, त्याचे साडू-मेहुणे आधी गार होणार, हे प्रत्येकाला स्वतःवरूनच ठाऊक होतं. म्हणून दारावर यंत्र बसवलं. दुपट्ट्यातला चेहरा त्याला कळेना, तेव्हा त्याला आवाज ओळखायला शिकवलं. सगळे त्याला भालदार म्हणत.

शिकवणाऱ्यांची चूक एवढीच झाली, की बाहेर पडणारा ‘येतो’ म्हणाला तर जागा राखायची आणि ‘जातो’ म्हणाला तर सोडायची, असं ठरलं. आता निघताना ‘जातो’ म्हणतं कोण? पहिल्याच उन्हाळ्यात निम्म्या नळ्या रिकाम्या चटयांना वारा घालू लागल्या. मग ठराव झाला: जागा सोडायची तर घरच्यानं ‘गेले’ म्हणून सांगायचं. घरच्यानंच; शेजाऱ्यांवर ठेवलं असतं तर कोपऱ्यातल्या चांगल्या चटया रोज मोकळ्या झाल्या असत्या.

“आमचे हे गेले!” नवरा बाहेर पडला की गिरजाबाई रोज ओरडे. कोणाचे ‘हे’ कोण, ते भालदाराला आवाजावरून कळे.

जागा दुसऱ्याला दिली की तो न चुकता विचारी, “परत आले तर दार उघडू?”

“संध्याकाळपर्यंत विचार करून सांगते!” आणि तळघर हसे.

वत्सला निपाणे तेवढी हसत नसे. गेल्या मे महिन्यात, बहिऱ्या बळीरामकाकांना भोंगा ऐकू आला नसेल म्हणून तिचा नवरा देवमन उठला होता. “येतो गं,” म्हणाला. काका मागच्या गल्लीनं सुखरूप आले. देवमन कोपऱ्यावर सापडला, उन्हात पडलेला. तेरवी झाली, सगळ्या कागदांवर वत्सलानं ‘मयत’ लिहिलं. भालदाराला मात्र तिनं काही सांगितलं नाही, आणि सांग म्हणण्याची कोणाची छाती झाली नाही. तिच्या शेजारची चटई कायम गार राही. रोज दार लागताना भालदार जाहीर करी, “देवमन निपाणे येतो म्हणाले आहेत,” आणि माणसं आपल्या पायांच्या बोटांकडे पाहत.

जागा उरत होती तोवर हे चाललं. यंदाचं ऊन मात्र वेगळं होतं. त्या दुपारी देवमनची सोडून सगळ्या चटया भरल्या, दार लागलं, आणि बाहेरून थाप पडली.

“ताई, उघडा ना! पार्सलवाली आहे. गाडी बंद पडली. डोळ्यांपुढं अंधारी येऊन राहिली.”

“जागा नाही,” भालदार म्हणाला. “देवमन निपाणे येतो म्हणाले आहेत.”

“माझी दे तिले!” गिरजाबाई उठून बसली.

“आपण आत आहात.”

“मंग मी जाते बाहेर!”

“बस खाली, बाई. पोरीसाठी तू मरशील,” कोणीतरी म्हणालं, आणि मग मेलेल्याचाच विचार सगळ्यांच्या मनात आला. वत्सलाकडे मात्र कोणी पाहिलं नाही. तेच तिला जास्त लागलं.

दुसरी थाप पहिलीपेक्षा खालून आली, गुडघ्याच्या उंचीवरून.

वत्सलानं शेजारच्या चटईवर तळहात टेकला. वारा बोटांमधून जात होता.

“आमचे हे...” ती म्हणाली. घसा खाकरून पुन्हा म्हणाली, “आमचे हे गेले.”

नळी थांबली. वर्षभर ती आवाज करत होती, हे तेव्हा कळलं.

दार उघडलं. दोघींनी पोरीला ओढून आत घेतलं आणि त्या चटईवर निजवलं. नळी पुन्हा वाहू लागली. गिरजाबाईनं तिच्या तोंडावरचा दुपट्टा सोडून पाणी शिंपडलं. बऱ्याच वेळानं पोरीनं डोळे उघडले.

“किती गार आहे! कोणाची जागा आहे ताई, ही?”

“तुझी,” वत्सला म्हणाली.

दार केव्हाच लागलं होतं. आज भालदारानं काहीच जाहीर केलं नव्हतं. आता एकही चटई रिकामी नव्हती, आणि दाराचा पत्रा बाहेरच्या उन्हानं कडकड वाजत होता. कोणी हलक्या हातानं थाप मारावी तसा.

“वत्सलाबाई,” भालदारानं शिकवल्याप्रमाणे विचारलं, “परत आले तर दार उघडू?”