संथ लाट

"माझा भूकंप कुणी कापला?"

दारात तो उभा होता. टेकडीवरच्या भूकंपमापन केंद्रातला शास्त्रज्ञ. केस वाऱ्यानं विस्कटलेले, शर्टाचं एक बटण भलत्याच काजात.

"मी," मी म्हटलं. "पण कापला नाही, गाळला."

भूकंपाच्या नोंदीत यंत्राचे खोटे चढउतार मिसळलेले असतात. ते संगणकावर गाळायचे आणि उरलेल्या हादऱ्यानं इमारत किती डोलेल ते काढायचं, हे माझं काम.

"खोट्याबरोबर खरी संथ लाटही गेली, गाळणीबाई!"

"पुरावा?"

त्यानं खुर्ची ओढली आणि दुसऱ्या केंद्राची नोंद उघडली. तीच संथ लाट तिथंही होती! दुपारभर आम्ही भांडलो... यातलं यंत्राचं किती, जमिनीचं किती. माउसकडे दोघांचे हात एकदम गेले, आणि कुणीच मागे घेतला नाही.

"चूक तुमची होती," तो हळूच म्हणाला.

"अर्धी."

"मग उरलेल्या अर्धीसाठी... उद्या येऊ?"

तो येत राहिला. मी गाळण्याची पद्धत सुधारली, नदीकाठच्या नव्या टॉवरचं गणित पुन्हा मांडलं, आणि आकडे दोनदा तपासले. बुटक्या घरांना त्या लाटेचं फारसं काही नसतं, पण गणितात हा टॉवर तिच्या तालावर झुलत होता. वरचे मजले मर्यादेच्या कितीतरी पलीकडे! आणि लोक लवकरच राहायला येणार होते.

ऑफिसचे प्रमुख माझे सख्खे काका. "टॉवरचा जुनाच अहवाल पालिकेत जाईल. मुकाट्यानं सही कर," ते म्हणाले. "त्या टेकडीवाल्यानं तुझं डोकं फिरवलंय."

"डोकं माझंच आहे, काका. सहीसुद्धा."

"मग उद्यापासून येऊ नकोस!"

मी नवा अहवाल थेट पालिकेत दिला. टॉवरचा ताबा थांबला, खांब बळकट करायचं काम निघालं. काकांचा निरोप आला — माफी माग, त्याचा नाद सोड, खुर्ची तुझीच आहे.

मी गेले, पण माझं सामान आणायला. तो खाली फाटकाशी थांबला होता.

"काय म्हणाले?"

"तुमचा नाद सोडायला सांगतायत."

त्याचा चेहरा उतरला. "मग... तुम्ही?"

"मला नाही जमणार. लग्न करता माझ्याशी?"

दुपारभर भांडणारा माणूस अडखळला. "मी... म्हणजे... हो."

"मोठ्यानं म्हणा. काका वरच्या मजल्यावर बसतात."

तो असा काही ओरडला, की ऑफिसच्या साऱ्या खिडक्या एकदम उघडल्या.