रिकाम्या डब्यातला आकडा

खोटं सांगून मला काय मिळणार? जे झालं तेच सांगतो.

गाव होबार्ट. जूनमधला दुसरा शनिवार, आमच्याकडे ऐन थंडीचा. आणि रात्रबित्र नव्हती, सकाळचे साडेदहा. खिडकीतून डोंगरावरचा बर्फ लख्ख दिसत होता.

मी बॅरी. नववीत शाळा सोडली, वीस वर्षं मेंढ्यांची लोकर कातरली. पाठ कामातून गेली तेव्हा कॉम्प्युटरकडे वळलो. शिकवलं नोएलीननं. साठीची बाई, जीभ कातरीपेक्षा धारदार.

आमचं चौघांचं ऑफिस. आम्ही कम्पायलर बनवतो. म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्राम मशीनला कळेल असा करून देणारी वस्तू.

मशीनच्या मेमरीत डबे आहेत असं समजा. नवा डबा घेतला तरी तो रिकामा नसतो. आधीच्यानं टाकलेलं आत तसंच पडून असतं, शेडमध्ये आधीच्या मेंढीची लोकर राहते तसं. म्हणून नोएलीननं नवा नियम लिहिला. डबा घेतला की आधी त्यात शून्य भरायचं, आणि ते कम्पायलरनंच भरायचं.

ते काम माझ्याकडे आलं.

एका ठिकाणी जमेना. प्रोग्रामनं मध्येच उडी मारली की डबा भरायचा राहून जायचा. डबा भरला की नाही हे तपासणारी तिथली चाचणी रोज नापास. त्यात शुक्रवार, आणि मला मासे धरायला जायचं होतं.

मी चाचणीच बंद केली.

चाचणी बंद केली की शेजारी कारण लिहायचं, आणि परवानगी देणाऱ्याचं नाव. मी लिहिलं, 'तूर्त चालेल. नोएलीन.'

तिला विचारलंही नव्हतं.

दोन महिन्यांनी सॅमन मासे पाळणाऱ्या एका कंपनीत पाण्यात हवा सोडणारे पंप थांबले. ते चालवणारा प्रोग्राम आमच्याच कम्पायलरमधून गेलेला, आणि त्याच्या डब्यात जुना कचरा होता. एका दुपारी हजारो मासे पोट वर करून तरंगले.

चौकशीत फाइल उघडली. नाव निघालं नोएलीनचं. सगळे म्हणाले, स्वतःच नियम केला नि स्वतःच मोडला.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पेन टेबलावर तीनदा आपटलं. टक... टक... टक.

माझं काही चुकलं की ती असंच करायची. मग म्हणायची, "पुन्हा बघ, लोकरवाल्या."

त्या दिवशी नुसतं पेन आपटलं.

मीही गप्प बसलो.

तिनं नोकरी सोडली. मार्चमध्ये हृदय बंद पडून गेली.

त्या कंपनीपुरतं ठिगळ लावलं होतं, मूळ चूक तशीच होती. जूनमध्ये, सोमवारी, कम्पायलरची नवी आवृत्ती बाहेर जायची होती. तिच्या नावाच्या त्या ओळीसकट. म्हणून त्या शनिवारी एकटाच आलो. म्हटलं, गुपचूप दुरुस्त करू, ओळ पुसू. कुणाला कळायला नको.

दुरुस्ती केली. बंद चाचणी चालू केली. डब्यात शून्य यायला हवं.

आलं... ४१७.

परत चालवली.

४१७.

मशीनसाठी तयार झालेला प्रोग्राम उघडून बघितला. शून्य भरायची आज्ञा जागेवर होती. तरी डब्यात ४१७.

तेवढ्यात मशीनच्या पंख्याची घरघर थांबली. पडदा मात्र चालूच...

आणि पाठीमागून, तिच्या टेबलावरून...

टक... टक... टक.

वळलो. खुर्ची रिकामी. टेबलावर पेनसुद्धा नव्हतं.

मग डोक्यात आलं. चाचण्यांची फाइल उघडली, खाली गेलो. ओळ चारशे सतरा.

'तूर्त चालेल. नोएलीन.'

ओळ पुसली. चाचणी चालवली. ४१७.

मान खाली घालून बसलो.  मग त्याच जागी लिहिलं, 'बंद मी केली होती. नोएलीनला विचारलं नव्हतं. बॅरी.'

चालवली.

शून्य.

पंखा घरघरायला लागला.

मी तिथूनच ब्रेंडनला, आमच्या साहेबाला, फोन लावला. सगळं ओकलो. 

तो म्हणाला, "माहीत आहे रे. कुठली ओळ कुणी लिहिली याची नोंद मशीन ठेवतंच की. चौकशीच्या दुसऱ्या दिवशी तिनंच मला दाखवली."

"मग तू बोलला का नाहीस?"

"तिनं अडवलं. म्हणाली, 'थांब. लोकरवाला आपणहून सांगेल.'"

वाट बघत होती ती. मार्चपर्यंत.

पुढे ब्रेंडननं सगळ्यांना पत्र लिहून तिचं नाव मोकळं केलं. तिच्या बहिणीकडे मी स्वतः गेलो. तिनं चहा दिला. माझ्याच्यानं पिववला नाही.

आता दोन वर्षं झाली. रोज आल्या आल्या आधी तीच चाचणी चालवतो. शून्यच येतं.

पण परवानगीच्या जागी कुणाचं नाव लिहायला घेतलं, की मागे आवाज होतो. तीनदा.

मी वळून बघत नाही. भीती नाही वाटत.

तिच्या खुर्चीकडे बघायला तोंडच नाही मला.