भिंगरी स्थिर बसली तेव्हा

“गाडी वळव म्हणतेय ना मी! ऐकू येत नाही का?”

“ऐकू येतंय. वळवणार नाहीये.”

“इथे मोठं कोण, तू की मी?”

“तुम्हीच मोठ्या. पण गाडी कोणाला चालवता येते? तुम्हाला की मला?”

आक्का गप्प झाली. आक्काला गप्प करणारं माणूस आजवर कोणी पाहिलं नव्हतं, तिने स्वतःसुद्धा नाही. आणि भांडणही कसं, तर सगळं उलटं! “अजून एक फोटो” म्हणून हटून बसायचं ते आक्काने आणि “पुरे झालं, घरी चला” म्हणून भुणभुण लावायची ती तिच्या भावजयीने, अशी इथवरची सगळी सहल झाली होती. आता तळ्याकाठी उभ्या केलेल्या गाडीत आक्का घर-घर करत होती आणि भावजय पुढच्या मोठ्या तळ्याकडे निघायला टपली होती.

निघताना दोघींचा उत्साह असा, की शाळेच्या पोरीही लाजाव्यात. आक्काने सत्तरी ओलांडलेली. फोटो काढायला तिला कोणी शिकवलं नव्हतं. नवऱ्याच्या माघारी कपाटात पडून असलेला कॅमेरा तिने हातात घेतला, शंभरदा चुकली, एकशे एकाव्यांदा जमवलं. शहरातल्या फोटोवाल्यांच्या मंडळाने तिचे फोटो “हौशी काम” म्हणून परत पाठवले, तेव्हा ती थेट त्यांच्या कचेरीत जाऊन म्हणाली, “पुढच्या वर्षी माझं प्रदर्शन लागेल. तुम्ही सगळे तिकीट काढून या.” आणि ते खरं करायलाच ती डोंगर, तळी आणि जुनी शहरं पालथी घालायला निघाली होती.

गाडीवर भावजय. तिचं नाव भिंगरी, आणि ते लग्नाच्या दिवशी आक्कानेच ठेवलेलं. ही बाई एका जागी म्हणून ठरत नसे. जेवताना पाय हलणार, झोपेत कूस बदलणार, गाडी चालवताना स्टिअरिंगवर दहाही बोटांचा ताशा वाजणार. निघताना भाऊ दारात उभा राहून म्हणाला होता, “आक्का, फोटो मिळोत न मिळोत, माझी बायको तेवढी धडपणे परत आण.”

“तुझी बायको कोण पळवणार? पळवणारा दमेल,” आक्का म्हणाली, आणि तिघंही पोट धरधरून हसले.

आता आक्काची फोटोची तऱ्हा सांगायला हवी. ती भिंगावर एक गडद काळी काच चढवायची. ती काच लावली की भर उन्हातही कॅमेऱ्याचा डोळा चार-पाच मिनिटं उघडा ठेवता येतो. तेवढ्या वेळात जे हलतं ते फोटोत उमटतच नाही. माणसं, गाड्या, कबुतरं, सगळं पुसलं जातं. उरतं ते फक्त स्थिर असलेलं. गजबजलेला चौक ओसाड दिसतो. त्या ओसाडीत एकच माणूस निवांत बसलेलं हवं, असा आक्काचा हट्ट. आणि ते माणूस म्हणजे भिंगरी!

पहिले दिवस नुसता गोंधळ. खिंडीतल्या फोटोत भिंगरीच्या जागी पिवळट धूर. धबधब्यापाशी नुसत्या चपला.

“चपला बघा किती छान आल्यात,” भिंगरी म्हणाली.

“त्यांनाच घेऊन यायला हवं होतं. तू घरी राहिली असतीस तरी चाललं असतं!”

मग ते जुनं शहर आलं. उंच दगडी कमानी, मधे मोठा चौक, पायऱ्यांवर माणसांची ही गर्दी. आक्काने भिंगरीला मधल्या पायरीवर बसवलं, काळी काच चढवली आणि देवाचं नाव घेतलं. पाच मिनिटांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र उमटलं आणि आक्का भर चौकात ओरडली. सगळी गर्दी नाहीशी! सोनेरी दगड, लांब सावल्या, आणि पायरीवर भिंगरी. कोरल्यासारखी. साडीची निरी अन् निरी मोजून घ्यावी अशी.

“अगं, जमलं कसं तुला?” आक्काने तिला मिठीच मारली.

“शेजारच्या बाईंनी माझा हात धरला होता ना. म्हणाल्या, श्वास हळू घे, आपोआप जमतं.”

आक्काने फोटो पुन्हा पाहिला. भिंगरीची मूठ कोणाच्या तरी हातात असावी तशी अधांतरी होती. शेजारची पायरी रिकामी. बाई हलली असेल, पुसली गेली असेल. पण हात धरून बसलेली बाई हलली, तर धरलेला हात कसा हलला नाही?... प्रश्न आक्काच्या डोक्यात आला आणि तिने तो झटकून टाकला. फोटो इतका देखणा होता, की तिला प्रश्न नकोच होते.

त्यानंतर एकही फोटो फसला नाही. पुलावर, किल्ल्याच्या दारात, बुरुजावर, भिंगरी बसली की बसली. आक्का हवेत होती. रात्री मुक्कामावर ती पडद्यावर फोटो सरकवत बसायची आणि एकटीच टाळ्या पिटायची. भिंगरीचं बोलणं कमी झालंय, स्टिअरिंगवरची बोटं थांबलीत, तिच्या अंगाला ओल्या दगडासारखा वास येतोय, हे तिच्या लक्षात आलं नाही असं नाही. दमली असेल, असं तिने ठरवून टाकलं.

आणि आज दुपारी हे डोंगरातलं धाकटं तळं. वारा अजिबात नाही. पाण्यात शिरलेला लाकडी धक्का आणि त्याच्या टोकाला भिंगरी. पक्षी नाही, पान नाही, पाण्याचा चुबुकसुद्धा नाही... आपलाच श्वास आक्काला मोठा वाटू लागला. कॅमेऱ्याचा डोळा मिटला, चित्र उमटलं. धक्क्यावर एक बाई बसली होती.

पाण्यातल्या प्रतिबिंबात दोघी होत्या.

आक्काच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण खरं सांगायचं तर तो भीतीचा नव्हता. असा फोटो कोणाकडे नव्हता! मंडळातल्या त्या शहाण्यांची तोंडं तिच्या डोळ्यांपुढे आली. “भिंगरे, ऊठ! हे बघ काय सापडलंय!”

भिंगरी उठली नाही.

“झालाय फोटो... ऊठ की गं.”

आक्का धक्क्यावरून तिच्यापाशी गेली. भिंगरीच्या गालावर एक माशी चालत होती. गालावरून ती पापणीवर चढली, तिथून उघड्या डोळ्यावर... आणि पापणी मिटली नाही.

आक्काने तिला दंडाला धरून गदागदा हलवलं. बऱ्याच वेळाने भिंगरी म्हणाली, “झालं? एवढ्यात?”

मग आक्काने तिला ओढतच गाडीशी आणलं, कॅमेऱ्याची रिकामी बॅग मागच्या सीटवर भिरकावली, दारं लावली, आणि भांडण पेटलं.

“ती बाई कोण, ते सांग आधी.”

“नाव नाही विचारलं. पण मोठ्या तळ्याकाठी म्हणे बसायला खूप जागा आहे. पुष्कळ जणी बसलेल्या असतात. फोटो काय सुंदर येईल, आक्का!” भिंगरीचे डोळे आनंदाने चमकत होते. “तुमचा शेवटचा फोटो. ज्याच्यासाठी एवढ्या लांब आलात.”

खरंच होतं ते. आक्काच्या मनाने क्षणभर तो फोटो पाहिलासुद्धा... आणि तिचा तिलाच राग आला. तिने मांडीवरच्या कॅमेऱ्यातून कार्ड काढलं. खिंड, चौक, किल्ला, तळं, सगळं त्या नखाएवढ्या कार्डात होतं, आणि दुसरीकडे कुठेही नव्हतं. तिने ते दोन्ही अंगठ्यांनी दाबलं आणि कडकन मोडलं.

“गेलं प्रदर्शन खड्ड्यात,” ती म्हणाली. “फोटो नाही, शेवटचा नाही, पहिलाही नाही. आता सांग, कशासाठी पुढे जायचं? मला तू हवी आहेस. वळव गाडी.”

गाडीत ओल्या दगडाचा वास दाटला होता. भिंगरीने मोडक्या तुकड्यांकडे पाहिलं. मग आक्काकडे. मग कितीतरी दिवसांनी ती पहिल्यासारखी हसली, चावी फिरवली आणि गाडीचं तोंड घराच्या रस्त्याकडे वळवलं. आक्काचा जीव भांड्यात पडला. आरशात एकदा मागे बघून भिंगरी म्हणाली,

“बरं बाई, घरी तर घरी, पण तुमची ती बॅग तेवढी मांडीवर घ्या आक्का, मागे त्या केव्हाच्या अवघडून बसल्यात.”