नवव्या होलची घंटा

२०२१ च्या फेब्रुवारीत आयर्लंडमध्ये लॉकडाउनमुळे गोल्फलासुद्धा बंदी होती. त्यामुळे स्लायगो शहराबाहेरचं काउन्सिलचं गोल्फ कोर्स आसपासच्या लोकांना फिरायला आयतंच मोकळं मिळालं होतं. म्हणायला मैदान, बाकी नुसते उंचवटे, खडक, काटेरी झुडपं आणि त्यांच्या मधूनमधून कुणीतरी हट्टाने राखलेलं गवत. कोर्सच्या भिंतीला लागूनच निशिगंधाताईचं घर होतं.

निशिगंधा हॉस्पिटलात डॉक्टर. तिची मावसबहीण अक्षया तिच्याकडे राहून ऑनलाइन एम.एस्सी. करत होती. जानेवारीत कोविडच्या वॉर्डात डेस नावाचे एक म्हातारे पेशंट गेले आणि तेव्हापासून ताईची झोप उडाली. पडल्या पडल्या छताकडे बघत राहायची आणि तशीच उठून ड्युटीवर जायची. परवा गाडी चालवताना तिचा डोळा लागला आणि गाडी कुंपणाला घासली. अक्षया मुळातच भित्री; तेव्हापासून ताई ड्युटीवर गेली की ती फोन हातात धरून बसायची. आजही ताईला नाइट होती.

"थोडं चाललीस तर झोप लागेल," अक्षया म्हणाली.

"झालीस का माझी आई? पुरे," असं म्हणत ताईने बूट मात्र घातले.

धुकं खाली उतरलं होतं. ओल्या लोकरीचा वास येत होता. अक्षया टेकडी ओलांडून पुढे उतरली, ताई धापा टाकत मागे राहिली. पलीकडे वाटीसारखा खळगा होता, तळाशी गुळगुळीत हिरवळ, आणि तिच्या कडेला खांबावर टांगलेली पितळी घंटा.

घंटा दिसली की आपला हात वर जातोच. अक्षयाचाही गेला. बूट काढायचे तेवढे राहिले.

टण्ण...

एवढ्या मोठ्या आवाजाची तिला कल्पना नव्हती. स्वतःच दचकून ती मागे सरली.

ताई धुक्यातून घाईघाईने उतरत आली. "तू वाजवलीस?"

"हो... देवळातल्यासारखी. का गं?"

ताई गवतावरच बसली. "ही नवव्या होलची घंटा. डेस हिच्याबद्दलच बोलायचे. टेकडीमुळे मागच्यांना पुढचे दिसत नाहीत ना. म्हणून पुढचे खेळून बाजूला झाले की त्यांनी ही वाजवायची. तोवर मागच्यांनी थांबायचं. शेवटी शेवटी ते सारखं विचारायचे, डॉक्टर, घंटा झाली का? मला वाटायचं, भ्रमात बोलतायत. मी आपली त्यांचा ऑक्सिजनचा मास्क सारखा करायचे..."

"मग आता झाली म्हणायची," अक्षया उगाच हसली.

टक्.

टेकडीपलीकडून आला आवाज. कोरडा, स्वच्छ. डोक्यावरच्या धुक्यातून काहीतरी सणसणत गेलं, आणि हिरवळीवर एक पांढरा चेंडू पडून घरंगळत थांबला.

"कुणीतरी चोरून खेळतंय," अक्षया कुजबुजली.

भीतीपेक्षा कुतूहल जास्त झालं म्हणून, नाहीतर ती टेकडी पुन्हा चढलीच नसती. वर कुणी नव्हतं. खालच्या उतारावर नुसत्या मेंढ्या होत्या. चरायचं सोडून सगळ्या एकाच जागेकडे तोंड करून उभ्या.

त्या दोघी फाटकापाशी पोचल्या तेव्हा मागे पुन्हा घंटा झाली. ताईने वळून पाहिलं नाही. तिच्या चेहऱ्यावरचा ताण मात्र उतरला होता.

घरी आल्या आल्या ती सोफ्यावर आडवी झाली आणि चक्क घोरायला लागली. अक्षयाला हायसं वाटलं. स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीतून टेकडीकडची घंटा पुसट ऐकू येत होती.

टण्ण.

"टॉम," ताई झोपेत पुटपुटली.

टक्.

जरा वेळाने पुन्हा घंटा. "बर्नी..." आणि टक्. ओपीडीत पुढच्या पेशंटला बोलवावं, तसा तिचा आवाज. अक्षया पाय जवळ घेऊन ऐकत बसली. ताईला हलवून उठवावं असं दहादा वाटलं. पण इतकी शांत झोपलेली तिला किती दिवसांनी पाहत होती.

टण्ण.

"नोरा."

अक्षया वाट पाहत राहिली. या वेळी टक् आला नाही.

अलार्म वाजला तशी ताई टवटवीत होऊन उठली. "ग्रँड वाटतंय गं! तुझं ऐकायलाच हवं होतं."

"ताई... टॉम आणि बर्नी कोण?"

केस बांधता बांधता ताईचा हात थांबला. "डेसच्या पाठोपाठ गेले ते. तुला कुणी सांगितलं?"

"तूच, झोपेत. आणि नोरा?"

"नोरा? ती छान आहे!" ताई हसली. "चार नंबरच्या बेडवर. काल ऑक्सिजनसुद्धा काढला, उद्या घरी जाईल. भारी बाई आहे हं. आज दुपारपासून हट्ट धरलाय म्हणे, माझे गोल्फचे बूट आणून द्या. मुलीने शेवटी दारात आणून दिले. नर्सचा मेसेज आलाय, आजी बूट घालून पलंगावर बसल्यात."

अक्षयाने पाय खाली सोडले. खिडकी लावायला उठली. कडी बसायच्या आत टेकडीकडून आवाज आला.

टक्.

ताई गाडीची किल्ली शोधत होती. तिला ऐकू गेलं नाही.