बीजगणिताच्या वर्गातला बर्फ

"खिडकी बघ! सरांच्या मागची!" सादातने एर्मेकला कोपराने ढोसलं.

पडद्यावर बीजगणिताचे सर कंस सोडवत होते आणि त्यांच्या मागच्या खिडकीबाहेर भुरुभुरु बर्फ पडत होता!

"भर जुलैत?" एर्मेक पुटपुटला. "बिश्केकमध्ये तर लोक उकाड्याने हैराण झालेत!"

कोचकोर गावातली ही मुलं बीजगणितात नापास झाली होती. ऑगस्टच्या फेरपरीक्षेत पुन्हा घसरली, तर अख्खं वर्ष वाया! म्हणून सुट्टीत हा वर्ग. 'थेट राजधानीतून शिकवणी,' असं तो चालवणाऱ्या मामात आगायांनी, म्हणजे मामात गुरुजींनी, पालकांना छातीठोकपणे सांगितलं होतं.

सादातने हात वर केला. "आगाय, कंसाआधी उणे असलं की आतली चिन्हं का बदलतात? सरांना विचारा ना!"

"आधीच नापास, त्यात हजार शंका! पाठ कर आणि गप्प बस!"

"मी ढ नाही!" बाहेर पडल्यावर सादात धुमसत म्हणाली. "उत्तर मिळेपर्यंत विचारणारच!"

एर्मेकचे डोळे चमकले. "उद्या पालक येणारेत ना वर्ग बघायला? इंटरनेटची वायर माझ्या बाकाजवळूनच जाते!"

दुसऱ्या दिवशी वर्ग गच्च भरला. "बघा, थेट बिश्केकहून!" मामात आगाय ऐटीत म्हणाले.

एर्मेकने वायर उपटली. सर शिकवतच राहिले!

"वायर तर माझ्या हातात आहे! मग हे सर येतात कुठून?"

"जुनं चित्रीकरण आहे हे!" सादात उभी राहिली. "तो बर्फ बघा! आमच्या शंका कोण ऐकणार? भिंत?"

मामात आगायांचा चेहरा पडला. "शिक्षक मिळेनात... म्हटलं, पोरांना काय कळतंय!"

"मला विचारलंत का?" गावात पूर्वी गणित शिकवणाऱ्या उल्कान एजे, म्हणजे उल्कानताई, मागून कडाडल्या. त्यांनी खडू उचलून फळ्यावर १० − (४ − १) लिहिलं. "सादात, तुझ्याकडे कणकेचे दहा बोरसोक तळलेत. मी चार उचलले, पण एक परत ठेवला. उरले किती?"

"सात!"

"म्हणजे दहा वजा चार, अधिक एक. तो एक तुला परत मिळाला, म्हणून त्याचं चिन्ह बदललं!"

"एवढंच?" सादात आनंदाने ओरडली.

"एवढंच! पण भर वर्गात विचारायला छाती लागते. शाब्बास, पोरींनो, पोरांनो! उद्यापासून मी शिकवणार."

सादातच्या वडिलांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. मामात आगाय मात्र फळ्याकडे बघतच राहिले. "हे मलाही कधी कुणी सांगितलं नव्हतं," ते हळूच म्हणाले.

"मग बसा ना, आगाय," सादात म्हणाली. "पण पहिल्या बाकावर!"