पांढरी पाचची नळी

"अगं बाई, सगळ्या बहिणी शहाण्यासारख्या वागतायत. तुलाच काय धाड भरलीय?"

असं कुणीतरी कुणालातरी रागावत होतं, तेही मराठीत, तेही सिंगापूरच्या एका जुन्या चर्चमध्ये. अश्लेषानं इकडेतिकडे पाहिलं. बाकं रिकामी होती. समोर एक भलाथोरला ऑर्गन उभा होता आणि त्याच्या नळ्या चक्क बांबूच्या होत्या.

ती काही प्रार्थनेला आली नव्हती. शनिवारी लिटिल इंडियातून आईसाठी कढीपत्ता आणि पातळ पोहे घेऊन बुकित बातोकला परत निघाली, तर पावसानं गाठलं. छत्री घरी. सिंगापुरात लहानाची मोठी झालेली मुलगी छत्री विसरते याला आई काय म्हणाली असती, ते सोडून देऊ. दिसलं ते दार तिनं गाठलं आणि आत हा रागावणारा ऑर्गन.

तिला हसू आलं, आणि अश्लेषाला हसू आलं की ते दाबता येत नाही. ऑर्गनच्या कुशीतली एक फळी सरकली. त्यातून धुळीनं भरलेलं एक डोकं बाहेर आलं.

"तुम्ही मराठी?"

"हो. आणि ती कोण, जिला धाड भरलीय?"

"ही… पांढरी पाच."

अश्लेषाचं हसू एकदम थांबलं. पांढरी पाच! हे नाव तिनं आजोबांनंतर कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तिचे मनोहर आजोबा संगीत नाटकांना पायपेटीच्या ऑर्गनवर साथ करायचे. साताऱ्याच्या घरी सुट्टीत ती त्यांच्या शेजारी बसायची, आजोबा पायानं भाता मारायचे आणि तिच्या बोटाला पट्ट्या दाखवायचे… काळी एक, पांढरी पाच. ते गेल्यावर घर आवरताना ऑर्गन कुणालातरी देऊन टाकला. कुणाला, ते घरात आता कुणालाच आठवत नाही.

"पट्टी दाबून धराल का जरा?" डोक्यानं विचारलं. "ग्रेस आंटी दाबतात रोज, पण त्या पावसात अडकल्यात."

कढीपत्त्याची पिशवी बाकावर ठेवून ती पट्ट्यांसमोर बसली.

डोक्याचं नाव निहार साळवे. नगरचा. वडिलांचं पेट्या दुरुस्तीचं दुकान, घरची माणसं पिढ्यान्पिढ्या चर्चमध्ये मराठी भजनं म्हणणारी. बांबूचे ऑर्गन दुरुस्त करायला तो फिलिपिन्समध्ये शिकला होता आणि या ऑर्गनसाठी काही महिन्यांच्या कामाच्या परवान्यावर, म्हणजे पासवर, इथे आला होता. राहायला चोआ चू कांगला एक खोली. हे सगळं त्यानं ऑर्गनच्या पोटातून सांगितलं, आणि तिनं पट्ट्यांवर बोट ठेवून ऐकलं.

काम सोपं होतं. दोन नळ्या एकत्र वाजवायच्या. त्यांचं पटत नसेल तर आवाज थरथरतो. मग निहार बांबूचा वरचा काठ केसाएवढा तासायचा. थरथर थांबली की ती नळी झाली, पुढची घ्यायची. आत नळ्यांच्या गर्दीत नीट कळत नाही, म्हणून बाहेरच्या माणसानं सांगायचं, असं निहारचं म्हणणं.

"थरथर आहे?" आतून यायचं.

"आहे."

"आता?"

"गेली."

त्या शनिवारी पाऊस केव्हाच थांबला होता. अश्लेषाच्या ते लक्षात आलं नाही, असं तिनं आईला सांगितलं.

मग ती दर शनिवारी येऊ लागली. ग्रेस आंटींचे गुडघे नेमके शनिवारीच दुखू लागले, हेही बरंच झालं. आंटी चर्चच्या मंडळाच्या प्रमुख. त्यांचं लग्न याच ऑर्गनच्या सुरांत लागलं होतं. या बांबूंना वाळवी लागू नये म्हणून ते वर्षभर समुद्राच्या वाळूत पुरून ठेवले होते, असं त्या सांगायच्या. पण मंडळातल्या बऱ्याच जणांना आता इलेक्ट्रॉनिक ऑर्गन हवा होता. दुरुस्तीनंतर सगळे ऐकायला येणार होते. पसंत पडला तर हा वाजत राहणार, नाहीतर काचेआड शोभेला. आणि काहीही ठरलं तरी निहार घरी जाणार.

"तुम्ही दिसत नाही, हे एका परीनं बरं आहे," एकदा ती म्हणाली.

"का? दिसलो तर काय होईल?"

"माझं पट्टीवरचं लक्ष उडेल."

आतून खोकल्यासारखा आवाज आला. त्या दिवसापासून 'तुम्ही'चं 'तू' झालं. कुणी आधी म्हटलं यावर दोघांचं एकमत नाही.

दोन नळ्यांच्या मधे गप्पा व्हायच्या. तो नगरच्या नाताळबद्दल सांगायचा. थंडीत पहाटे टाळ वाजवत घरोघर जायचं, मग कुणाच्यातरी अंगणात करंज्या आणि चहा. ती साताऱ्याच्या माजघराबद्दल सांगायची, आजोबांच्या तपकिरीच्या वासाबद्दल. इतकी वर्षं हे तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं. ती काम करायची त्या बँकेत कुणाला सांगणार?

आणि नळ्या संपत चालल्या होत्या. एके शनिवारी आतून प्रश्न आला, "थरथर आहे?" आवाज अगदी स्थिर होता, तळ्यातल्या पाण्यासारखा. अश्लेषानं तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून निघालं, "आहे… थोडीशी." आत खरवडण्याचा आवाज आला. पुन्हा प्रश्न, पुन्हा "आहे". अर्धा तास मिळाला. पुढच्या शनिवारी तिनं तेच केलं, त्याच्या पुढच्याही. नळीला काही झालं नाही. मग तिची भीड चेपली.

शेवटचा शनिवार. संध्याकाळी मंडळ यायचं होतं. एकच नळी राहिली होती, ती रुसकी पांढरी पाच, जिच्यावाचून इथली बहुतेक गाणी लंगडी पडतात. निहार आल्या आल्या आत शिरला, फारसं बोलला नाही.

"थरथर आहे?"

नव्हती. पहिल्याच खेपेला नव्हती. इतक्यात? "आहे," ती म्हणाली.

खरवडण्याचा आवाज आला. तिनं पट्टी दाबली. आता थरथर खरंच होती. जमलेली नळी तासल्यामुळे तिचा सूर पार वर चढला होता.

"आता?"

"आहे, पण… निहार, थांब…"

तिचं वाक्य पूर्ण होईपर्यंत त्याचा हात पुन्हा चालला होता. टक्, असा बारीकसा आवाज झाला. निहार बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात ती नळी होती आणि काठापासून खाली तडा गेला होता. तो रागावला असता तरी चाललं असतं.

मंडळ आलं. म्हातारी माणसं, छत्र्या, पुठ्ठ्याच्या खोक्यात करी पफ. निहारनं उभं राहून इंग्रजीत सांगितलं की मधली एक नळी फुटली, त्याचा हात चुकला, दोष त्याचा. कुणीतरी मान हलवली. इलेक्ट्रॉनिकवाल्यांना आयतं कोलीत मिळालं.

अश्लेषा उठली. 

"त्याचा हात चुकला नाही," ती म्हणाली. "नळी जमली होती. मी नाही जमली म्हणाले. मी खोटं बोलले."

"का?" ग्रेस आंटींनी विचारलं.

इथं काहीतरी सभ्य कारण देता आलं असतं. तिला ते सुचलं नाही. "कारण काम संपलं की तो जाणार," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

निहार फुटलेल्या नळीकडे पाहत होता. ग्रेस आंटी हळूहळू उठल्या, गुडघ्याला हात देत पट्ट्यांपाशी गेल्या आणि त्यांनी लग्नात वाजलेलं ते जुनं गीत सुरू केलं. बांबूचा तो मऊ, श्वासासारखा आवाज चर्चभर पसरला. मग पांढरी पाच आली. पट्टी दाबली गेली आणि तिथं नुसती पोकळी राहिली.

पण पुढच्या खेपेला त्या जागी आवाज आला. मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तो सूर तोंड मिटून गुणगुणला होता. तिसऱ्या खेपेला तिघा-चौघांनी. शेवटच्या कडव्याला सगळं मंडळ, इलेक्ट्रॉनिकवाल्यांसकट, तेवढा एकच सूर म्हणण्यासाठी थांबून राहत होतं. आयुष्यभर ऐकलेली गोष्ट अशी माणसाच्या घशात राहते. गीत संपलं तेव्हा काचेआड ठेवण्याची भाषा कुणी केली नाही.

"नवी नळी बनवायची," ग्रेस आंटी म्हणाल्या. "हाऊ लाँग?"

बांबू वाळूत आणि सावलीत मुरायला वर्ष लागेल, असं निहारनं सांगितलं.

"देन वन इयर लाह," आंटी म्हणाल्या आणि करी पफचं खोकं उघडलं. पासाचं मंडळ बघेल, हेही त्यांनीच ठरवून टाकलं.

सगळे खाण्यात गुंतल्यावर निहार तिच्याजवळ आला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "मागच्या शनिवारी, त्याच्या मागच्या शनिवारी… नळी जमली की मला आत कळतंच गं. तू 'आहे' म्हणायचीस आणि मी नळीला हात न लावता शेजारची फळी खरवडत बसायचो."

अश्लेषा बघतच राहिली. "मग आज का तासलीस?"

"सर्दी झालीय. सकाळपासून दोन्ही कान बंद आहेत. इतके दिवस मी उगाच विचारत होतो, अश्लेषा. आज खरंच विचारलं."

तिला रडू फुटलं. त्यानं खिशातून रुमाल काढला, त्यावर बांबूचा भुसा होता, तो झटकून पुढे केला.

"आता आणखी एक खरंच विचारतो," तो अगदी हळू म्हणाला. "वर्षभर थांबलो तर चालेल तुला?"

"नाही," ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. तिनं त्याचा भुशानं माखलेला हात धरला, सगळ्या मंडळादेखत.

"एका वर्षानं माझं काय भागणार, निहार?"